एकवीसच्या जागी बावीस

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोपवाटिकेच्या फाटकात उभी राहून टेम्पोत उसाच्या रोपांचे ट्रे चढवून घेत होते. फोन ऋतुजाचा, माझ्या मुलीचा, मिरजेच्या दवाखान्यातून. "आई, आत्या गेली," ती म्हणाली. मी विचारलं, "त्रास झाला का?" "नाही. झोपेतच." मग डॉक्टरांचा दाखला कधी मिळतोय, गाडी कोण ठरवतंय, माधवनगरच्या घराची किल्ली कुणाकडे आहे, हे मी एकामागून एक विचारलं आणि तिनं तितक्याच सरळपणे सांगितलं. टेम्पोवाला माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता. त्याला म्हटलं, "तू नीघ, रोपं उन्हात थांबत नसतात." विलासराव, म्हणजे माझे यजमान आणि वन्संचे धाकटे भाऊ, उसाला पाणी पाजत होते. त्यांना सांगायला मीच रानात गेले. ते बांधावर बसले. पायाला चिखल तसाच. म्हणाले, "जाताना ताईनं कुणाला तरास दिला न्हाई बघ." जाताना दिला नाही, एवढं खरं होतं.

गेल्या काही आठवड्यांत वन्संबद्दल बरंच बोललं गेलं. प्रमिलाबाईंनी गणिताची गोडी लावली, प्रमिलाबाईंनी पिढ्या घडवल्या, असं लोक माइक हातात घेऊन बोलले. माधवनगरच्या शाळेत त्या दहावीला बीजगणित शिकवायच्या आणि सकाळी घरच्या पुढच्या खोलीत शिकवणी घ्यायच्या. शिकवायच्या उत्तम, यात वाद नाही. बंद गिरणीतल्या कामगारांची, यंत्रमागावरच्या लोकांची मुलं त्यांच्या हाताखालून पास होऊन कुठं कुठं गेली. पण मी त्यांची विद्यार्थिनी नव्हे, भावजय. मला जे दिसलं ते मी लिहिते. वन्सं वरून कडक आणि आतून मायाळू होत्या, असं म्हणायची पद्धत आहे. त्या आतूनही कडकच होत्या. मी पुष्कळ वर्षं बघत होते, मला तरी कुठं मऊ जागा सापडली नाही.

माणसाला त्याच्या चुकीवरून नाव ठेवायचं आणि त्याच नावानं हाक मारायची, ही त्यांची सवय. मी लग्न होऊन उंब्रजला आले त्या उन्हाळ्यात त्या सुट्टीला आल्या होत्या. माझ्या हातची पहिली आमटी अळणी झाली. त्या दिवसापासून मी ‘अळणी’. "अळणी, पंचा दे." "अळणी, दारात कोण आलंय बघ." सासूबाई हसायच्या, विलासराव खाली मान घालून जेवायचे. मी थोडे दिवस ऐकून घेतलं. मग एका दुपारी त्यांच्या एकटीच्या वाटीत मूठभर मीठ टाकलं आणि समोर उभी राहिले. एक घास खाऊन त्यांनी वाटी खाली ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं आणि पहिल्यांदा हसल्या. "सुनंदा, पाणी दे," म्हणाल्या. परत कधी त्यांनी मला अळणी म्हटलं नाही. म्हणजे त्यांच्या तावडीतून सुटायचा रस्ता होता. पण तो ज्याचा त्यानं शोधायचा, आणि ऋतुजाला तो कधीच सापडला नाही.

ऋतुजा दहावीला गेली त्या वर्षी आमच्याकडच्या शाळेत गणिताचे सर नव्हते. दहावीला सहसा शाळा बदलून मिळत नाही, पण वन्संनी शब्द टाकला आणि तिला माधवनगरला प्रवेश मिळाला. पोर खुशीत होती. तिला आत्या आवडायची. आत्याकडे पुस्तकांचं कपाट होतं, आत्या एकटी राहायची, आत्याला कुणी काही विचारत नसे, याचं तिला फार कौतुक. जाताना तिनं आत्यासाठी स्वतः खपून शेंगदाण्याचे लाडू केले. मी सांगितलं होतं, "घरात आत्या असली तरी वर्गात बाई आहेत. लाड होणार नाहीत." ती म्हणाली, "आई, लाड कुणाला हवेत?"

वर्गसमीकरणांचा धडा सुरू झाला त्या दिवसाची गोष्ट मला पुढं दिवाळीच्या सुट्टीत तिच्याकडूनच कळली. ज्यांना बीजगणित सोडून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. x² + २३x + १२० अशी राशी दिली तर तिचे अवयव पाडायला दोन संख्या शोधायच्या. गुणाकार एकशे वीस आला पाहिजे आणि बेरीज तेवीस. आठ आणि पंधरा. झालं, मधलं पद फुटलं, गणित सुटलं. हे वन्संनी फळ्यावर करून दाखवलं, मुलांनी टकाटक उतरवून घेतलं. मग त्यांनी खाली दुसरं लिहिलं: x² + २१x + १२०. "करा," म्हणाल्या आणि खुर्चीत बसून चष्मा पुसायला लागल्या. मुलं जोड्या लावू लागली. आठ-पंधरा केलं तर तेवीस होतात. दहा-बारा केलं तर बावीस. एकवीस कुठंच होईना. परत पहिल्यापासून. सहा-वीस, पाच-चोवीस… ते तर लांबच जातात. बावीसपर्यंत येऊन गणित एका आकड्यानं हुकत होतं. तास संपला तरी वन्सं उठल्या नाहीत, कुणाला उठू दिलं नाही. एका मुलानं वही मिटून डोकं बाकावर टेकवलं, तर म्हणाल्या, "मेलास का? मग बस सरळ."

त्या गणिताला उत्तर नव्हतं. म्हणजे अवयव पडत नव्हतेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी विवेचक शिकवला. मधल्या सहगुणकाचा वर्ग करायचा, त्यातून बाकीच्या दोन सहगुणकांच्या गुणाकाराची चौपट वजा करायची. जे उरेल त्यावरून मुळांचं स्वरूप कळतं. धन आलं तर मुळं वास्तव आणि वेगवेगळी, शून्य आलं तर वास्तव आणि समान, ऋण आलं तर वास्तव मुळंच नाहीत. एकवीसचा वर्ग चारशे एक्केचाळीस, त्यातून चारशे ऐंशी गेले, उणे एकोणचाळीस. "काल तासभर तुम्ही जे शोधत होता ते नव्हतंच," वन्सं म्हणाल्या. "आता जन्मभर लक्षात राहील. शोधायला बसायच्या आधी, आहे का ते बघायचं." शिकवायची रीत म्हणून यात काही चूक आहे असं मी म्हणणार नाही. मुलांना खरोखरच जन्मभर लक्षात राहिलं. आणि त्या शाळेत एक अलिखित नियम होता. या गणितातून गेलेल्या मुलांनी खालच्या वर्गाला ते फोडायचं नाही. आम्ही तासभर सोसलं, तर तुम्ही का सुटायचं? भाऊ बहिणीला सांगत नसे. बाईंना कधी कुणाला ताकीद द्यावी लागली नाही.

ऋतुजानं त्या तासाला काय केलं, तर वहीत एकवीसच्या जागी बावीस लिहिलं. दहा आणि बारा. गणित सुटलं. ती वही घेऊन टेबलाजवळ गेली. वर्गात पहिली तीच उठलेली. वन्संनी वही बघितली, मग फळ्याकडे बोट केलं. "वाच." ऋतुजानं वाचलं, "एकवीस." "आणि हे काय?" "बावीस." वन्संनी वही सगळ्या वर्गाकडे तोंड करून धरली. म्हणाल्या, "ही माझी भाची. हिला गणित येत नाही हे चालेल. पण हिला येत नाही म्हणून ही गणितच बदलते. आजपासून हिचं नाव बावीस." सगळा वर्ग हसला. बाईंचं लक्ष आपल्यावरून दुसऱ्यावर गेलं म्हणून जास्तच हसला असेल.

मी दिवाळीत ऋतुजाला विचारलं, "मुद्दाम बदललास आकडा?" ती म्हणाली, "नाही गं. मला वाटलं, मीच फळ्यावरचं चुकीचं वाचलं. बावीसच असणार. नाहीतर न येणारं गणित आत्या कशाला देईल?" …एवढंच. पोरीनं आत्यावर विश्वास ठेवला होता, त्यातून ती चूक झाली. हे तिनं वर्गात सांगितलं नाही, घरीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी वन्संनी ते ऐकून घेतलं असतं असं मला वाटत नाही.

वर्षभर ती बावीस राहिली. शाळेत आणि घरातही. "बावीस, दूध उतू चाललंय." "बावीस, झोप आता." मी माघात गूळ आणि ज्वारी घेऊन माधवनगरला गेले तेव्हा हे कानानं ऐकलं. दुपारी आम्ही दोघीच होतो तेव्हा विषय काढला. "वन्सं, पोरीला नावानं हाक मारा की."

"का? रडली का तुझ्यापाशी?"

"रडली नाही. रडणारी असती तर मी आले नसते. पण तिला आवडत नाही."

"सुनंदा, तुझ्या ट्रेमध्ये एखादं रोप सुकलं तर तू काय करतेस?"

"काढून टाकते."

"मी काढत नाही. मी त्याला रोज सांगते, तू सुकलंयस."

"मग ते जगतं?"

"काही जगतात."

"आणि बाकीची?"

"बाकीच्यांचं तू मला विचारू नकोस. तूसुद्धा गिऱ्हाइकाला सांगत नाहीस." असं म्हणून त्यांनी गुळाची ढेप उचलून बघितली. "काळपट आहे. चिकीचा आणलास होय?"

परतताना मी ऋतुजाला स्टँडवर सांगितलं, नाव काही अंगाला चिकटत नाही, मार्चपर्यंत काढ, मग सुटलीस. मारत तर नाहीत ना? उपाशी ठेवत नाहीत ना? आज विचारलं तरी मी तिला तेच सांगेन. शिकायला पाठवलं होतं, शिकत होती. निकाल लागला तेव्हा तिला गणितात आमच्या घरात आजवर कुणाला पडले नव्हते इतके गुण पडले. तिनं वन्संना फोन लावला, मी शेजारी होते. पलीकडून पहिला प्रश्न आला, "विवेचकाचं गणित आलं होतं?" "हो आत्या. बरोबर आलं." "दिलेला आकडाच लिहिला होतास ना?" ऋतुजा म्हणाली, "हो." फोन ठेवला आणि पेढ्यांचा बॉक्स तसाच माझ्या हातात देऊन आत गेली. पुढं तिनं गणित घेतलं नाही. जीवशास्त्र घेतलं, मग प्रयोगशाळेतलं तंत्रज्ञान शिकली. आता साताऱ्यात एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते.

याच्यापुढचं लिहू की नको, असा विचार केला. ऋतुजाला विचारलं, तिनं लिही म्हटलं. तिच्या साखरपुड्याला वन्सं आल्या. जरीची साडी, हातात पर्स, छान दिसत होत्या. सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांनी हाक मारली, "बावीस, इकडं ये, पेढा भरव." नवऱ्या मुलाच्या आईनं साहजिकच विचारलं, "बावीस म्हणजे काय हो?" मी वन्संकडे बघून डोळे मोठे केले. त्यांनी ते पाहिलं आणि तरी सांगितलं. सगळी गोष्ट, फळ्यासकट. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या सूनबाईंना मनासारखं उत्तर आलं नाही की त्या प्रश्न बदलतात. सांभाळा बरं का." सगळे हसले. ऋतुजाही हसली. ते लग्न टिकलं नाही. मोडायची कारणं वेगळी होती आणि ती इथं सांगण्यासारखी नाहीत. पण प्रत्येक भांडणात सासूच्या तोंडी एक वाक्य तयार असायचं: "हिच्या आत्यानंच सांगितलं होतं की, ही आपल्या सोयीचं वाचते." खरं असो खोटं असो, हातात सापडलेली काठी कोण सोडतं? ती काठी वन्संनी स्वतः नेऊन दिली होती. घटस्फोट झाल्याचं मी त्यांना कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी तर सांभाळा म्हणाले होते." विलासरावांनी त्या दिवशी जेवण केलं नाही, पण बहिणीला एक शब्द बोलले नाहीत. त्यांना वन्संनी मांडीवर घेऊन वाढवलेलं. बहिणीपुढं त्यांचं काही चालत नसे.

वन्संची मूत्रपिंडं गेली तेव्हा त्यांच्याजवळ राहायला कोण, हा प्रश्न आला. मी रोपवाटिका सोडून जाऊ शकत नव्हते. लागणीचा हंगाम होता. विलासरावांना दवाखान्यात भोवळ येते. ऋतुजा म्हणाली, मी जाते. मी म्हटलं, "तू कशाला? तुझ्यावर त्यांचं काय देणं आहे?" तर म्हणाली, "देणं नाही गं. मला एक मागायचंय." काय, ते मी विचारलं नाही, मला माहीत होतं. जे नाव आईबापानं ठेवलं, शाळेच्या दाखल्यावर आहे, साताऱ्यातला भाजीवालाही ज्या नावानं हाक मारतो, ते तिला त्या एका तोंडून ऐकायचं होतं. एवढं शिकूनसवरून माणूस इतक्या लहान गोष्टीवर अडून बसतं. मला आश्चर्य वाटलं. पण मी अडवलं नाही.

दवाखान्यातही वन्सं वन्संच होत्या. तपासण्यांचे कागद आले की ऋतुजा ते वाचायची, तिचं कामच ते. वन्सं म्हणायच्या, "आहे तेच वाच. मनाचं घालू नकोस." ती क्रिएटिनिनचा आकडा सांगायची, वन्सं डोळे मिटून मान हलवायच्या. नर्सला त्यांनी ‘दुसरी शीर’ असं नाव ठेवलं होतं, कारण पहिल्या वेळी तिला शीर सापडली नव्हती. वॉर्डातल्या मावशी हसायच्या. "म्हातारी लय खवट हाय, पण ऐकायला बरी वाटती," म्हणायच्या. भेटायला जुने विद्यार्थी यायचे. कुणी येणार असं कळलं की वन्सं ऋतुजाला आधीच बाहेर पाठवायच्या, "बावीस, जा, औषधं घेऊन ये." मी आणि विलासराव आठवड्याच्या बाजारादिवशी जायचो. शेवटच्या भेटीत मी उशी सारखी करत होते, विलासराव पायाशी उभे होते. ऋतुजा खिचडी भरवत होती. चमचा बशीत ठेवून तिनं एकदम म्हटलं, "आत्या, मला एकदा नावानं हाक मार ना."

वन्संनी तोंडातला घास गिळला. मग म्हणाल्या, "नावानं हाक मारणारे तुला पुष्कळ आहेत. बावीस म्हणणारी मी एकटी. मी गेले की तुला बावीस कोण म्हणणार?"

विलासराव तोंडाला रुमाल लावून बाहेर गेले. ऋतुजानं चमचा उचलला, खिचडी भरवली आणि हसली. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी तिच्या लग्नातही बघितलं नव्हतं. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "आई, म्हणजे ते माझं एकटीचं नाव होतं. चिडवायचं नव्हतंच ते. मलाच कळलं नाही." मी बरं म्हटलं. ते बोलणं गोड होतं आणि वन्सं गोड बोलत नसत. मला शंका आली होती. पण मी ती बोलून दाखवली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो फोन आला.

तेरावं माधवनगरच्या घरासमोर मांडव घालून केलं. माणसं अपेक्षेपेक्षा पुष्कळ आली. बुंदी दोनदा मागवावी लागली. पंगतीत जुने विद्यार्थी एकमेकांना ओळख करून देत होते, तीही त्यांच्या चुकांनी. पोलिसात असलेला एक दणकट माणूस म्हणाला, "मी बाईंचा उणे. उणे गुणिले उणे, उणे लिहिलं हुतं मी." दुसरा म्हणाला, "मी अर्धवट. सूत्रात खाली दोन ए लिहायचं इसरलो." हशा पिकत होता. मांडवात सुतकी चेहरा कुणाचाच नव्हता. ऋतुजा बुंदीची परात घेऊन वाढत होती, तीही हसत होती. तेवढ्यात पिकल्या केसांचा एक माणूस, दादासो, सुताचं दुकान असलेला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी बावीस."

समोरच्या ओळीतली एक तरुण बाई, मांडीवर मूल असलेली, म्हणाली, "आवं काका, मीबी बावीस!" पलीकडून आणखी एकानं हात वर केला. "आमच्या वर्षाला मी हुतो." "आरं तिच्या मायला, दरसाल एक बावीस व्हय!" पंगत खदखदून हसली. गणित दर वर्षी तेच, न फोडायचा नियम तोच, तर ती चूकही दर वर्षी कुणीतरी करणारच. आम्ही कुणी हा विचार कधी केला नव्हता. ऋतुजा परात कमरेला टेकवून उभी राहिली होती. मी मांडवाच्या टोकाला होते, मला तिची पाठ दिसत होती.

दादासोंचे डोळे भरून आले. त्यांनी पत्रावळीवरचा हात थांबवला. "दवाखान्यात भेटाय गेलो तवा म्हटलं, बाई, आता तरी नावानं बोलवा, नातवंडं झाली मला. तर म्हणाल्या, दादासो म्हणणारी लय हायत तुला. बावीस म्हणणारी मी एकटी. मी गेले की कोण म्हणणार?… काय बाई हुत्या वो!"

मांडीवर मूल असलेली ती बाई हळूच म्हणाली, "मलाबी हेच म्हणाल्या." यावर कुणी हसलं नाही. बऱ्याच जणांनी डोळे पुसले. त्या सगळ्यांना ते आवडलं, म्हणजे बाई सगळ्यांवर सारखी माया करत होत्या असं त्यांना वाटलं. मग दादासोंनी मान वर करून ऋतुजाला विचारलं, "आणि तू गं बाय? तुझं काय नाव ठेवलं हुतं बाईंनी?"

"माझं नाव ऋतुजा," ती म्हणाली. "मी त्यांची भाची."

"भाचीला सोडलं व्हय बाईंनी?"

"हो. सोडलं." आणि तिनं त्यांच्या पत्रावळीवर बुंदी वाढली.

संध्याकाळी भांडी आवरताना मी तिला विचारलं, "राग आला का?" ती म्हणाली, "कशाचा? आत्या खोटं कुठं बोलली? मला बावीस म्हणणारी ती एकटीच होती. दादासोंना म्हणणारीही तीच. तिनं जे सांगितलं ते बरोबरच आहे. ‘फक्त तुला’ असं ती म्हणाली नव्हती. ते मी घातलं." मग तिनं परात उपडी घातली आणि नळ बंद केला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. तिच्याबरोबर पातेली पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती साताऱ्याला कामावर गेली.

विलासराव त्या पंगतीच्या वेळी मांडवात नव्हते, गुरुजींना सोडायला गेले होते. दादासो काय म्हणाले ते त्यांना माहीत नाही. त्यांना माहीत आहे ते दवाखान्यातलं, आणि ते त्यांनी मनाशी घट्ट धरून ठेवलंय. आयुष्यभर बहीण कठोर वागली तरी शेवटी भाचीसाठी तिच्या पोटात एवढं होतं, यावर त्यांचे हे दिवस निघतायत. पूर्वी ते लेकीला ‘ऋतू’ म्हणायचे. तेराव्यानंतर बदललं. मला म्हणाले, "ताईची तेवढी एक गोष्ट मागं राहिली. आता पोरीला बावीस म्हणणारा मी एकटा." मी ऋतुजाला फोन करून विचारलं, यांना सांगू का मांडवातलं? ती म्हणाली, "नको. पप्पांना उत्तर आलंय. राहू दे."

म्हणून मी सांगितलेलं नाही. रोज सकाळी रानात जायच्या आधी हे पायरीवर बसतात, फोन लावून स्पीकर सुरू करतात आणि जुन्या हेडमास्तरासारखा आवाज काढून विचारतात, "काय बावीस, न्याहारी झाली का?" पलीकडं नळ बंद केल्याचा आवाज येतो. मग ती म्हणते, "झाली, पप्पा." आणि हे समाधानानं बशीत चहा ओततात.